दोघांपुरतं पावसाळ्याचं सामान किती भरायचं? आणि भाजीचं काय करता?

मोगरी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं (मी ५८, हे ६४) डिसेंबरपासून गावच्या घरी कायमचे राहायला आलोय. राजापूर तालुक्यात आत, गावाचं नाव लिहीत नाही कारण इथे कुत्रं भुंकलं तरी पलीकडच्या वाडीत कळतं. शेजार चांगला आहे, घर कोरडं आहे, तक्रार कसलीच नाही, पण स्वयंपाकघराचं गणित काही बसत नाहीये.

ठाण्यात कसं, संध्याकाळी खाली उतरलं की पावशेर भेंडी, एक जुडी कोथिंबीर, विषय संपला. इथे वाडीत एकच दुकान, त्यात तेल साखर चहापावडर कांदे बटाटे अंडी मिळतात, बाकी काही हवं तर बाजार २२ किमी. भाजीचा टेम्पो आठवड्यातनं दोनदा येतो तो घाटावरनं कोल्हापूरकडची भाजी घेऊन, आणि सगळे सांगतात की अणुस्कुरा घाटात दरड आली की तो येतच नाही मग चार दिवस नाहीतर आठ दिवस. लाइट तर आत्ता मे महिन्यातच वाऱ्याने जातेय, पावसात काय होणार देव जाणे.

आता आठवड्या दोन आठवड्यात पाऊस लागेल. सासूबाई असताना घर भरलेलं असायचं, बारा-चौदा माणसं, तेव्हाचे पिंपच्या पिंप भरायचे हिशोब मला आठवतात पण दोन माणसांचा हिशोब कोणी सांगितलाच नाही. किती तांदूळ किती डाळ भरू की किडे पडणार नाहीत आणि संपणारही नाही? भाजी आणली की तीन दिवसांनी अर्धी सडलेली असते. आणि तिसरा प्रश्न म्हणजे दोघांचा स्वयंपाक इतका थोडा असतो की आमटी केली तरी ती तीन वेळा पुरते आणि मग हे ताटाकडे बघून नुसते "हं" म्हणतात. ह्यांना शुगर आहे, थोडी. आम्ही मासे खातो पण चिकन मटण नाही. अनुभव असलेल्यांनीच सांगा प्लीज.

खाडीपल्याड

मोगरीताई, तुम्ही अगदी वेळेवर धागा काढलात, आमच्याकडे आगोटीची (पावसाळ्याच्या बेगमीची) तयारी चालूच आहे. आम्ही पण दोघंच, मी आणि आई. देवगडकडे.

आधी एक सांगतो, ठाण्याची यादी फाडून टाका. त्या यादीत फ्लॉवर, सिमला मिरची, फरसबी असणार आणि ती घाटावरनंच येणार, म्हणजे तुमचं जेवण दरडीवर अवलंबून. गावात काय आहे त्यावरनं सुरुवात करा. फणस, आठळ्या (फणसाच्या बिया), केळफूल, कच्ची पपई, शेवग्याचा पाला, अळू, नारळ, कोकम हे सगळं तुमच्या परसातच नाहीतर शेजारच्या परसात असणार आणि ते विकत मिळत नाही, मागावं लागतं. मागायची लाज वाटत असेल तर बदल्यात काहीतरी द्या, माझी आई लोणच्याची बाटली देते नि केळीचा अख्खा घड घेऊन येते.

आता पाऊस पडला की पहिल्या आठ-दहा दिवसात टाकळा (रानभाजी) उगवतो. कोवळा असतानाच खुडायचा, नंतर कडवट होतो. मग कुरडू, भारंगी, मग पुढे फागलं म्हणजे कर्टोली. शेजारच्या म्हातारीबरोबर एकदा फिरा ती दाखवील, फोटो बघून खुडू नका, आणि अळंबी तर माहितगार माणसाने दिल्याशिवाय चुलीवर ठेवू नका. अळू घशाला खाजतं म्हणून चिंच नाहीतर कोकम हवंच.

मृगाच्या आसपास परसात दोन आळी पडवळाची, दोन दोडक्याची, एक काकडीची लावा आणि वर मांडव घाला. दोन माणसांना तेवढं पुरून उरतं, खरं सांगतो जास्त लावू नका, श्रावणात पडवळ बघून रडायला येतं.

मासे: जून-जुलै बोटी बंद, समुद्राचा मासा विसरा. पहिल्या पावसात चढणीचे मासे (नदी-ओढ्यातनं वर चढून येणारे) मिळतात ते कोणी आणून दिले तर नाही म्हणू नका. बाकी सुकं. जवळा, सुके बोंबील, थोडे सोडे (सुकी सोललेली कोळंबी, महाग आहेत पण दोघांना मूठभर बास होतात, वांग्यात नाहीतर पोह्यात घाला). मे महिन्याच्या उन्हात पुन्हा एकदा दोन दिवस कडक वाळवा, मग पत्र्याच्या डब्यात. बाजारातनं आणलेलं तसंच डब्यात घातलं तर जुलैत वास बदलतो. तेवढं आत्ताच उरकून घ्या, नंतर ऊन मिळणार नाही.

हापूसद्वेष्टा

आमटी तीन वेळा पुरते म्हणून तक्रार? आमच्याकडे तीन वेळा पुरली की सण असतो 😄

भुईशेंग

मी लातूरकडची, लग्नानंतर दहा वर्षं औशाजवळच्या खेड्यात राहते, त्यामुळे तुमच्या पावसाचं मला काही कळत नाही पण भाजीचं कळतं. आमच्याकडे आठवडी बाजार, म्हणजे सात दिवसांची भाजी एकदम. त्यात गंमत अशी की बाजारात भाजी वाट्यावर मिळते, किलोवर कमी, आणि वाटा दोन माणसांना कधीच बरोबर बसत नाही. मी आणि समोरच्या वहिनी मिळून वाटे घेतो नि घरी येऊन ओट्यावर वाटून घेतो. सूर्य कलला की भाव उतरतात हे सगळ्यांना माहीत असतं पण उतरत्या बाजारात उरलेली भाजी पण तशीच असते, दबलेली, भिजलेली. सात दिवस टिकवायची असेल तर सकाळीच जा आणि दोन रुपये जास्त द्या.

आणल्यावर काय संपवायचं त्याचा क्रम लावा. पालेभाजी, कोथिंबीर त्या दिवशी नि दुसऱ्या दिवशी. मग भेंडी, वांगी, दोडका. मग गवार, टोमॅटो. कोबी, गाजर, काकडी शेवटी. आणि लाल भोपळा अख्खा असला तर महिना दोन महिने कोपऱ्यात बसून राहतो, कापला की मात्र दोन-चार दिवसात संपवा. सुरण, रताळी तशीच. कांदे बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. भाजी धुवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, ओली भाजीच आधी सडते. मिरच्यांची देठं काढून कोरड्या डब्यात कागद घालून ठेवा.

पण ताई मला खरा प्रश्न हा पडतो की रोज भाजी लागतेच कशाला? आमच्याकडे उन्हाळ्यात बाजारात भाजीच नसते, तेव्हा काय उपाशी राहतो काय आम्ही. पिठलं आहे, डाळकांदा आहे, शेंगदाण्याची आमटी आहे, येसर करून ठेवला असेल तर पाणी उकळून दहा मिनिटात येसराची आमटी. जवसाची नि कारळाची चटणी बरणीत. मुगाचे सांडगे उन्हाळ्यात घालून ठेवले की तेलावर परतून कांद्यात रस्सा करा, दोघांना एक मूठ सांडगे पुरतात. तुमच्याकडे अजून ऊन असेल तर सांडगे घाला, दोन-तीन कडक उन्हं बास.

वायरमन

फ्रिजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो (आयडीवर जाऊ नका, मी निवृत्त बँकवाला आहे, मुक्काम चिपळूणजवळ).

लाइट गेल्यावर फ्रिजचं दार उघडायचं नाही हा नियम घरात फळ्यावर लिहून लावा. दार बंद असेल तर खालचा कप्पा साधारण ४ तास थंड राहतो. फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तासांपर्यंत धरतो, अर्धा असेल तर २४. म्हणून दोघांच्या फ्रिजचा फ्रीजर रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून बर्फ करून ठेवा, लाइट गेली की त्यातल्या दोन खाली दुधापाशी आणून ठेवायच्या. स्टॅबिलायझर बसवा, इकडे व्होल्टेज वरखाली होतं.

फ्रीजरमध्ये काय असावं तर खवलेलं नारळ छोट्या छोट्या पुड्यांत, आलं-लसूण-मिरची वाटण, आणि रवा-बेसन. रवा-बेसन आणल्या आणल्या तीन-चार दिवस फ्रीजरला ठेवून मग डब्यात भरलं की त्यातली किड्यांची अंडी मरतात. शिजवलेलं अन्न मात्र फ्रीजरला मी कमी ठेवतो, आमच्याकडे लाइट दोन-दोन दिवस जाते, मग सगळं फेकायला लागतं.

आता भात. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा करतात ते पावसाळ्यातल्या दमट हवेत टाळा. शिजवताना न मरणारे काही जिवाणू भातात असतात आणि उबेत वाढून जे विष तयार करतात ते परत गरम करून जात नाही. मोजकाच करा. दोघांना एका वेळेला पाऊण वाटी तांदूळ बास, तीन लिटरच्या कुकरात खाली डाळीचं भांडं वर भाताचं, एका गॅसवर होतं.

गॅसचा दुसरा सिलिंडर घेतलाय का? नसेल तर आधी तो घ्या. १४.२ किलोचा सिलिंडर दोघांना दोन महिने तरी जातो, पण संपायची वेळ नेमकी आषाढात येते आणि गाडी वर चढत नाही. इंडक्शनवर भिस्त नको, कारण उघड आहे.

मोगरी

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, आभार. भुईशेंग तुमचा येसर मला नीट सांगा, मी फक्त मेतकूट करते. वायरमन, दुसरा सिलिंडर आहे. पण धान्याचे आकडे कोणीच दिले नाहीत!! किती किलो?? आणि किडे?

तिसरा कप

आकडे मी देते, मी किराणा दुकानदाराची सून आहे 🙂 (आंबोलीच्या खाली)

दोन माणसं, घरचं जेवण, पाहुणे धरले नाहीत. महिन्याला तांदूळ ५ किलो, तुम्ही भातखाऊ असाल तर ६. भाकरीचं आणि पोळीचं मिळून पीठ ५ किलो. तूरडाळ सव्वा ते दीड किलो, बाकी मूग, मसूर, चवळी, वाल, कुळीथ सगळं मिळून दीड किलो. तेल दीड ते दोन लिटर. पोहे एक, रवा एक. साखर तुमची तुम्ही ठरवा, ह्यांची शुगर म्हणताय. आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार महिने, पण चार महिन्यांचं सगळं भरू नका. तांदूळ भरा चार महिन्यांचा, उकडा असेल तर उत्तम, त्याला कीड कमी लागते आणि पेजेला पण होतो. डाळी दोन महिन्यांच्या. रवा पोहे बेसन महिन्याचंच, दमट हवेत हेच आधी जातात. पीठ तर पंधरा दिवसांचंच दळा, आणि लक्षात ठेवा लाइट नसली की गिरणपण बंद, म्हणून पीठ अर्धं झालं की दळण टाका, संपायची वाट बघू नका.

टिकवायला: डाळींना एरंडेल चोळा, किलोला चमचाभर, हाताने सारखं लागलं पाहिजे. तांदळात कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थर द्या. मिठात चार तांदळाचे दाणे, मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा. डबा उघडताना हात ओला नको, अर्धे किडे ओल्या हातानेच येतात.

आणि सर्वात महत्त्वाचं, धान्यात टाकायच्या ज्या गोळ्या शेतीच्या दुकानात मिळतात, लोक त्यांना सल्फास म्हणतात, त्या राहत्या घरात आणू नका. दमट हवा लागली की त्यातनं फॉस्फीन वायू सुटतो आणि तो माणूस मारतो. त्या गोदामाच्या, त्याही माहितगाराच्या हातात. पाऱ्याच्या गोळ्यापण मला आवडत नाहीत, फुटल्या की पारा धान्यात.

अजून एक. वाडीतल्या दुकानदाराला बाजूला टाकून सगळं बाजारातनं भरू नका. तो महाग देतो, माहितीये, चार-पाच रुपये जास्त घेतो. पण पुलावर पाणी आल्यावर तुमच्यासाठी दूध पावडर काढून ठेवणारा तोच असतो. त्याला यादी द्या, तो मालाला जातो तेव्हा तुमचं पण आणतो, राजगिरा, ओट्स, काय हवं ते. आमच्याकडे मुंबईवरनं आलेली माणसं आधी महिनाभर सगळं ऑनलाइन शोधतात, पिनकोड टाकला की डिलिव्हरी नाही असं येतं, मग येतात बिचारी.

खाडीपल्याड

+१ दुकानदाराबद्दल. पण चार महिन्यांचा तांदूळ दुकानातनं का? गावात कोणाकडे तरी भात असेलच, गिरणीतनं भरडून मिळतो, चव बघा एकदा.

केपेंकार

आमच्या गोव्यात ह्यालाच पुरुमेंत म्हणतात, पावसाळ्याची बेगमी. मे अखेरीस मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं, सुकी मासळी, मिरच्या, सोलां (आमसुलं), चिंच, लोणच्याच्या कैऱ्या, मसाले सगळं एका ठिकाणी. आमची आजी तिथूनच वर्षाची मिरची आणायची. तुम्हाला लांब आहे पण एकदा बघायला तरी या.

दोघांचं जेवण म्हणाल तर मी एक करते. एक वाटण, दोन पदार्थ. नारळ, मिरची, धणे, हळद एकदाच वाटायचं, अर्ध्यात तिरफळं घालून सुक्या बांगड्याचं नाहीतर आठळ्यांचं तोंडाक (भाताबरोबरचं कालवण), उरलेल्यात चिंच नि डाळ घालून दुसऱ्या दिवशीची आमटी. चव वेगळी लागते, काम एकदाच. आणि सोलकढी. सोलकढी असली की ताटात दुसरं काही कमी आहे हे पुरुष माणसाला कळतच नाही.

सुक्या बांगड्याचं पाणी एकदा टाकून द्या हां, मीठ भयंकर असतं.

भुईशेंग

मोगरीताई येसर: हरभरा डाळ, गहू, थोडे तांदूळ, थोडी उडीद डाळ वेगवेगळं खमंग भाजायचं, त्यात धणे, जिरे, सुक्या मिरच्या, खोबरं, लवंग-दालचिनी-तमालपत्र भाजून घालायचं आणि सगळं गिरणीत नाहीतर मिक्सरला बारीक. प्रमाण घराघरात वेगळं, डाळ जास्त असली पाहिजे एवढं खरं. दोघांसाठी अर्धा किलो करा, बास. आमटी करताना तेलात लसूण लाल करायचा, येसर पाण्यात कालवून घालायचा, चिंच गूळ आवडीप्रमाणे. मेतकुटासारखा तूपभातावर खायचा नाही, कच्चा लागतो.

केपेंकार, पुरुष माणसाबद्दल सहमत. आमच्याकडे ते काम ठेचा करतो.

वायरमन

निषेध 🙂 सोलकढी मीच करतो घरी.

आमटीचा प्रश्न राहिला म्हणून सांगतो. डाळ नुसती शिजवून ठेवायची, फोडणी द्यायची नाही. दुपारी निम्म्या डाळीची आमसुलाची आमटी, उरलेली फ्रिजात, आणि लाइट नसेल तर संध्याकाळी लगेच उकळून संपवायची, त्यात शेवग्याचा पाला नाहीतर टोमॅटो घालून. दुसऱ्या दिवशी थोडी राहिलीच तर कणकेत मळून पराठे. कडधान्यांचं पण तसंच, चवळी शिजवून अर्ध्याची उसळ, अर्ध्याची आमटी. आणि कुळथाचं पिठलं, शुगरवाल्यांच्या घरी तर भाताऐवजी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं आठवड्यातनं दोनदा करा, डॉक्टरांना विचारून. आमच्याकडे डॉक्टर हो म्हणाले, मी नाही म्हणत होतो.

मोगरी

आज ह्यांनी सगळा धागा वाचला. पडवळाची दोनच आळी असं ते तीनदा म्हणाले, कारण पडवळ त्यांना आवडत नाही. दुकानदाराला यादी दिली, तो म्हणाला ओट्स कशाला हवेत वहिनी, पेज खा. सुका जवळा गच्चीवर वाळत घातलाय, वाडीतली दोन मांजरं आणि मी, तिघी राखण करतोय.

एकच विचारायचं राहिलं. शेजारणीने टोपलीभर आठळ्या दिल्यात. ह्या चार महिने टिकतात म्हणाली. कशा ठेवू?

खाडीपल्याड

धुवून वरचा बुळबुळीत पापुद्रा काढा, पांढरी साल राहू दे. सावलीत दोन दिवस सुकवा, कडक उन्हात नको, आतनं आक्रसतात. मग मडक्यात नाहीतर लाकडी पेटीत चुलीची कोरडी राख, वर आठळ्यांचा एक थर, परत राख. काही लोक लाल मातीत लोळवून वाळवतात, दोन्ही चालतं. भोक पडलेली किंवा मऊ झालेली आधीच बाजूला काढून ह्याच आठवड्यात टाकळ्याच्या भाजीत नाहीतर डाळीत संपवा, एक किडकी सगळ्यांना लावते. महिन्यातनं एकदा उपसून बघा.

टाकळा तुमच्याकडे उगवला की इथे सांगा, आमच्याकडे अजून थेंब नाही.